दार बंद, अंग चालू : साथीच्या काळात साताऱ्यात शरीर कसं राखायचं

साथ आली की जिम आणि तालमी बंद पडतात, हे सगळ्यांना दिसतं. पण खरं नुकसान होतं ते दिवसभरात नकळत होणारी चाल बंद पडल्याने. साताऱ्यात हे चटकन कळतं, कारण गावच अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलंय. खालच्या रस्त्यावरून राजपथावर यायचं तरी चढ, मंडईची पिशवी घेऊन पेठेत परतायचं तरी चढ. आयुष्यात व्यायाम म्हणून कधी काही न केलेल्यांच्याही पोटऱ्या या गावाने घट्ट ठेवल्या होत्या. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून टाळेबंदी लागली आणि हा चढउतार एकदम थांबला. बरं, ते काही पंधरा दिवसांचं प्रकरण नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले, तेव्हा मागे राहिलेल्या ११ जिल्ह्यांत आपला सातारा होता.

म्हणून तयारी करायची ती महिन्यांच्या हिशोबाने. मी शाळेत पी.टी. शिकवायचो, त्या काळात पेठेतल्या मंडळींना जे सांगत होतो, ते इथे सविस्तर मांडतो. कोविड असो की उद्याचा दुसरा कुठला श्वसनाचा आजार, घरात अडकलेल्या शरीराचे प्रश्न बरेचसे तेच असतात.

आधी हरवलेली चाल शोधा

एक कागद घ्या आणि साथीच्या आधीचा तुमचा साधा दिवस लिहून काढा. दूध आणायला किती मिनिटं, एसटी स्टँडपर्यंत किती, ऑफिसचे जिने, संध्याकाळी मोती चौकातली फेरी. फक्त पायांवर गेलेली मिनिटं धरा, गाडीवरची नाही. बेरीज पाहून बरेच जण चकित होतात.

आता हीच मिनिटं त्याच वेळेला परत बसवायची. सात वाजता दुधाला जात होतात, तर सात वाजता गच्चीवर जा. साडेनऊला स्टँडकडे निघत होतात, तर साडेनऊला पायात चपला घालून घरातल्या घरात चाला आणि मगच लॅपटॉप उघडा. नवी वेळ अंगवळणी पडायला महिना जातो. जुन्या वेळेला पाय आपसूक उठतात. रोज पहाटे पाच वाजता तासभर व्यायाम करण्याचे संकल्प चौथ्या दिवशी मोडतात, ते याचसाठी.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शेवटी प्रौढांसाठी सांगितलेलं माप असं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. १५० म्हणजे रोजची जेमतेम २२ मिनिटं, आणि तीही एकदम करायला हवीत असं नाही. मध्यम जोर ओळखायला घड्याळ नको. चालताना बोलता यावं, पण पोवाडा म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की झालं. पोवाडा खणखणीत म्हणता येत असेल तर वेग वाढवा, दोन शब्दही धड निघत नसतील तर कमी करा.

जागा लहान असेल तर फेऱ्या मोजू नका, मिनिटं मोजा. ३० फुटांच्या ओसरीवर एक किलोमीटर करायला साधारण ११० फेऱ्या लागतात; हा आकडा कळला की उत्साहच मावळतो. गच्चीवर गोल गोल फिरताना दर पाच मिनिटांनी दिशा बदला किंवा इंग्रजी आठचा आकडा काढत चाला, म्हणजे एकाच गुडघ्यावर वळणाचा ताण येत नाही. फोन आला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत बसायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा.

बसण्याचं गणित मात्र वेगळं आहे. सकाळी अर्धा तास चाललं म्हणून पुढे सलग सहा तास खुर्चीत बसायची मुभा मिळत नाही. तासाला दोन-तीन मिनिटं उठा, टाचा वीस वेळा वर-खाली करा, पाणी प्या. तांब्या टेबलावर ठेवू नका, स्वयंपाकघरातच राहू द्या.

आणि घरातल्या बायकांना "तुमचा तर कामात व्यायाम होतोच की" असं म्हणू नका. ओट्यापाशी सलग तीन तास उभं राहिल्याने पाय आणि कंबर भरून येते, दमसास वाढत नाही. टाळेबंदीत त्यांचं काम दुप्पट झालं होतं. व्यायामाचा सल्ला देण्याआधी अर्ध्या तासाची भांडी दुसऱ्या कुणी घासावीत, म्हणजे त्यांना गच्चीवर जायला वेळ मिळेल.

ताकदीसाठी औंधची देणगी

सतरंजीएवढ्या जागेत, एका पैशाच्या साधनाशिवाय, अख्खं अंग हलवणारा व्यायाम आपल्या जिल्ह्यानेच जगभर नेलाय. खटाव तालुक्यातलं औंध हे तेव्हा संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला आणि लिहून, दाखवून बाहेरही पोहोचवला. त्यामुळे साताऱ्याच्या माणसाने ट्रेडमिल नाही म्हणून हळहळावं, हे मला पटत नाही.

जागा आधी तपासा. पालथं पडून हात डोक्यापुढे ताणले तर भिंतीला लागू नयेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, त्यामुळे रबरी चटई घ्या, नाहीतर सरळ फरशीवर अनवाणी करा. पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यात.

सरळ उभे राहा, तळवे छातीशी जोडा. श्वास घेत हात वर. मागे वाकायचं ते छाती उघडून, कंबर मोडून नव्हे. श्वास सोडत खाली वाका, तळवे पावलांच्या बाजूला टेकवा. गुडघे वाकले तर वाकू द्या, मांडीमागची शीर ओढून ताणून काही सिद्ध होत नाही. चौथ्या स्थितीत श्वास घेत उजवा पाय मागे, गुडघा टेकलेला, नजर समोर. पाचव्यात डावाही मागे, टाचेपासून डोक्यापर्यंत एक रेघ. सहावा साष्टांग : कपाळ, छाती, गुडघे, चवडे आणि तळवे टेकलेले, पोट मात्र उचललेलं. सातव्यात श्वास घेत छाती वर काढायची, कोपरं किंचित वाकलेली आणि खांदे कानांपासून लांब. आठव्यात श्वास सोडत कंबर वर, अंगाचा डोंगर. मग उजवा पाय पुढे, दोन्ही पाय जवळ, वर ताण आणि पुन्हा नमस्कार. अशा बारा स्थिती झाल्या. पुढच्या नमस्काराला डावा पाय आधी.

शाळेत मुलं कुठे पळवाट काढतात ते मला पाठ आहे, मोठी माणसंही तिथेच काढतात : पाचव्यातून सहाव्यात. तिथे अंग धप्पकन जमिनीवर टाकून दिलं तर हातांना काहीच काम उरत नाही. कोपरं बरगड्यांना लावून, मनात तीन आकडे मोजत खाली या. एवढं एक सुधारलं तर बारा नमस्कारांत खांदे आणि दंड बोलायला लागतात.

पहिल्या दिवशी तीन. दर दोन दिवसांनी एक वाढवत बारापर्यंत जा. फोटो टाकायला १०८ चा नाद पहिल्या महिन्यात नको. मनगट दुखत असेल तर मूठ टेकवा, गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवा. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात; त्यांनी ओट्यावर तळवे टेकवून उभ्यानेच मागे-पुढे व्हावं, पाठ आणि खांदे तेवढ्यानेही मोकळे होतात. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

सूर्यनमस्कारात एक उणीव आहे, ती कुणी फारशी सांगत नाही. त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांची पाठ तर ओढण्यानेच सुधारते. त्यासाठी पाच किलोची पिठाची पिशवी घ्या. डावा हात खुर्चीवर टेकवून पुढे वाका, उजव्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा, सावकाश खाली सोडा. दहा वेळा, मग हात बदला. आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे.

खुराक आणि काढे

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं. अशा जिल्ह्यात जोर-बैठका शिकवायची गरज नाही. तालमी बंद झाल्यावर पैलवान पोरांनी घरी त्या चालूही ठेवल्या. त्यांची अडचण खुराकाची झाली. मातीतली मेहनत निम्म्यावर आली आणि दूध, तूप, थंडाई तेवढीच राहिली, तर दोन महिन्यांत पोट सुटणारच. हाच नियम आपल्यालाही : हालचाल घटली तर ताटातली भाकरी लगेच तोडू नका, आधी चहाची साखर, फरसाण आणि दुपारचं काहीबाही कमी करा. टाळेबंदीत घरोघर पेढे आणि केक करण्याची जी चढाओढ लागली होती, तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत. वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. वरणाच्या एका पातळ वाटीने हे भागत नाही. मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, कोरेगावचा वाघ्या घेवडा, दही, अंडी, दाण्याची चटणी यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं.

काढा दिवसातून कपभर घेतला तर हरकत नाही. तीनदा घेऊन छातीत जळजळ करून घेतलेली माणसं मी पाहिलीत. वाफेने चोंदलेलं नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही, आणि पातेलं कलंडून भाजल्याचे प्रकार त्या काळात घडले. ड जीवनसत्त्वासाठी कोवळ्या उन्हात बसण्याचाही फारसा उपयोग नाही. ते बनवणारी किरणं सूर्य वर आल्यावरच पुरेशी मिळतात, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. तेव्हा हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर जा, पण मे महिन्यात तिथे तळ ठोकू नका.

वयस्कर मंडळी आणि मुलं

पासष्टीच्या पुढे टाळेबंदीने सगळ्यात मोठं नुकसान केलं ते मांड्यांचं. मांड्या गेल्या की तोल जातो, तोल गेला की पडणं, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड. म्हणून आजी-आबांसाठी एकच व्यायाम निवडायचा झाला, तर मी खुर्चीतून उठणं निवडेन. भिंतीला टेकवलेली, न हलणारी लाकडी खुर्ची. हात छातीवर आडवे, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर. उठा, पूर्ण सरळ व्हा, आणि बसताना आपटू नका, सावकाश टेका. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. हात न लावता उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

तोलासाठी ओट्याला बोटं लावून एका पायावर उभं राहणं. चहा उकळेपर्यंत हे करायचं : अर्धा चहा डाव्या पायावर, अर्धा उजव्या. उकळता चहा मात्र हातभर लांब असू द्या. जागतिक आरोग्य संघटना या वयात तोलाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगते.

मुलांना दिवसाला ६० मिनिटं हवीत. त्यांना व्यायाम सांगू नका. दोरी, लंगडी, ठिक्कर, जिन्यावर पळापळी करू द्या. वरच्या मजल्यावरचे लोक ओरडतील, ओरडू द्या.

बाहेर पडायची मुभा असेल तेव्हा

मोकळी हवा बंद खोलीपेक्षा केव्हाही बरी, यात शंका नाही. पण अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर किंवा यवतेश्वरच्या घाटात धोका चालण्यात फारसा नसतो. चढून झाल्यावर ‘चार भिंती’ स्मारकापाशी घोळका करून, मास्क हनुवटीला लावून ज्या गप्पा रंगतात त्यांत असतो. गर्दीची वेळ सोडा, एकटे किंवा घरच्यांबरोबर जा, पुढच्याशी अंतर ठेवा. जोरात पळताना किंवा चढताना मास्क लावला तर गुदमरतं, म्हणून चढ सुरू होण्याआधी आणि माणसं भेटली की मास्क, रिकाम्या वाटेवर अंतर. राज्यात जिम २५ ऑक्टोबर २०२० ला, दसऱ्याला उघडल्या, तेव्हाही प्रश्न यंत्रांचा कमी आणि बंद हवेचा जास्त होता. खिडक्या उघड्या नसतील अशा जिमला मी कुणालाच पाठवलं नाही.

पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं. जून ते सप्टेंबर गच्ची निसरडी, घाट धुक्यात. म्हणून घरातला क्रम मे महिन्यातच बसवून ठेवा.

अंगात ताप असेल तर

व्यायाम पूर्ण बंद. घाम काढून ताप उतरवण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. आजारात जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज असताना त्यावर ताण येऊ शकतो. झोपून राहायचं, पण लाकडासारखं नाही. जागेपणी तासाला घोटे गोल फिरवा, पावलं खाली-वर करा, जमेल तसं उठून बसा. पायांत रक्त साकळू नये म्हणून एवढं पुरतं. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली मंडळी शाळेच्या वर्गात चौदा दिवस विलगीकरणात राहिली. त्यांच्यातल्या लक्षणं नसलेल्यांनाही मी हेच, शिवाय खोलीतल्या खोलीत चालणं सांगितलं होतं.

सौम्य लक्षणं असलेल्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. ती नीट कशी करायची ते आमच्या वाड्यातल्या तात्यांच्या उदाहरणाने सांगतो. ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, बोटाला लावून ते लगेच आकडा वाचायचे आणि घाबरायचे. बोटं गार पडलेली, हात हलता. आम्ही दाराबाहेरून सांगायचो, "तात्या, आधी पाच मिनिटं निवांत बसा. हात चोळून गरम करा. हात छातीशी धरा आणि गप राहा." "आरं पर आकडा पळतोय की!" "पळू द्या, थांबेल." मिनिटभराने ९७ वर स्थिरावला. मग सपाट फरशीवर, जिना न चढता, नेहमीच्या चालीने सहा मिनिटं फेऱ्या, आणि लगेच पुन्हा बोटाला यंत्र. ९६ आला. म्हणजे ठीक.

आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीन वा जास्त अंकांनी घसरला, किंवा चालताना धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. साठीच्या पुढच्यांनी सहाऐवजी तीन मिनिटं चाललं तरी चालतं. दमा असलेल्यांनी ही चाचणी करू नये. बसल्या जागीच आकडा कमी असेल किंवा धाप लागत असेल तर कुणीच करू नये. नखांना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट घ्या.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आकडा ९४ च्या खाली असेल तर पालथं झोपल्याने मदत होते : एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही, आणि गरोदरपणात किंवा गंभीर हृदयविकारात अजिबात नाही. हा तात्पुरता आधार आहे, दवाखान्याला पर्याय नाही.

बरं झाल्यावर परत कसं यायचं

तात्या दहाव्या दिवशी म्हणाले, "आता किल्ल्यावर जाऊन येतो, फुफ्फुसं मोकळी व्हतील." जाऊ दिलं नाही. ताप गेला, चव आली, म्हणजे शरीर तयार झालं असं नसतं.

सगळी लक्षणं जाऊन निदान सात दिवस होऊ द्या. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे फक्त हलकं : घरातली चाल, दीर्घ श्वसन, अंग ताणणं, खुर्चीतून उठणं. दम अजिबात लागता कामा नये. तिसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने. चौथ्यात तीच चाल अर्ध्या तासापर्यंत आणि दोन-तीन नमस्कार. त्यापुढे चढ. प्रत्येक पायरीवर निदान आठवडाभर थांबायचं. पुढे जायचं की नाही ते व्यायामाच्या वेळी ठरवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. उठल्यावर नेहमीसारखं वाटलं तर पुढे. अंग मोडून आलं, दिवसभर पडून राहावंसं वाटलं तर एक पायरी मागे. काहींना थोड्याशा श्रमाने एक-दोन दिवसांनी पुन्हा आजारी पडल्यासारखं होतं. त्यांनी "जरा जोर लावला की जाईल" हे ऐकू नये. जोर लावून ते वाढतं. दिवसाच्या कामांचे लहान तुकडे करून मध्ये विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं.

पहिल्यांदा अजिंक्यताऱ्याकडे निघाल तेव्हा अर्ध्या चढावरून परत फिरायचं ठरवूनच निघा, बरोबर कुणीतरी असू द्या, फोन खिशात ठेवा. छातीत दुखलं, विनाकारण धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पाच मिनिटं बसूनही धाप बसली नाही, तर तिथून चालत खाली यायचं नाही; गाडी बोलवायची आणि त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यायचा.